गोष्ट सांगणारा कुठे उभा आहे?

पर्यावरणासाठी भांडणारा माणूस गोष्टीत आला की तो बहुधा संत तरी असतो, नाहीतर चक्रम. त्याचं प्रत्यक्ष काम दोन्हीकडे तेच असतं: पाण्याचा नमुना तपासायला पाठवणं, झाड लावणं, यंत्रासमोर आडवं पडणं. मग एकीकडे तो पूज्य आणि दुसरीकडे डोक्यावर पडलेला कसा वाटतो? याचं उत्तर त्याच्या स्वभावापेक्षा सांगणाऱ्याकडे जास्त असतं. गोष्ट कोण सांगतं, किती अंतरावरून सांगतं, आधी काय सांगतं आणि काय राखून ठेवतं, यावर कार्यकर्त्याचं चित्र ठरतं. समीक्षेत याला निवेदनतंत्र म्हणतात. शब्द जड असला तरी अनुभव रोजचा आहे. एकाच राजाची गोष्ट कीर्तनातले बुवा सांगतात आणि तमाशातला सोंगाड्याही सांगतो. ऐकणाऱ्याला मात्र दोन वेगळे राजे भेटतात.

जिथे सांगणारा कुणी नसतोच, तिथून सुरुवात करणं सोयीचं आहे, म्हणजे नाटकापासून. नॉर्वेचे नाटककार हेन्रिक इब्सेन यांचं 'जनतेचा शत्रू' हे पाच अंकी नाटक १८८२ सालचं. प्रदूषणाविरुद्ध उभा राहणारा माणूस म्हटलं की अजूनही या नाटकातल्या डॉक्टर टॉमस स्टॉकमनचं नाव घेतलं जातं. किनाऱ्यावरच्या एका लहान गावानं आरोग्यस्नानाची गृहं बांधली आहेत, बाहेरून पाहुणे येऊ लागले आहेत, गावाच्या हातात पैसा खेळू लागला आहे. त्या स्नानगृहांच्याच वैद्यकीय अधिकाऱ्याला संशय येतो, तो पाणी तपासायला पाठवतो आणि अहवाल येतो की पाणी दूषित आहे. घाण येते वरच्या अंगाच्या चामडं कमावणाऱ्या कारखान्यांतून, आणि त्यांपैकी एक कारखाना डॉक्टरच्या बायकोला वाढवणाऱ्या म्हाताऱ्याचा. डॉक्टरचा थोरला भाऊ गावाचा नगराध्यक्ष. दुरुस्तीला प्रचंड खर्च येणार आणि स्नानगृहं दोन वर्षं बंद ठेवावी लागणार, हे कळताच आधी पाठीशी असलेले संपादक, छापखानेवाले, घरमालक असे एकेक जण सरकू लागतात.

डॉक्टरचं म्हणणं खरं आहे याबद्दल नाटकात कुठेही शंका नाही. पण डॉक्टर थोर आहे असं सांगायला रंगमंचावर कुणी उभं नाही, आणि इब्सेन यांनी या मोकळ्या जागेचा पुरेपूर फायदा घेतला. तिसऱ्या अंकात वर्तमानपत्राच्या कचेरीत नगराध्यक्ष टोपी आणि काठी विसरून आत लपतो. डॉक्टर ती टोपी डोक्यावर चढवतो, काठी हातात घेतो आणि आता गावात सत्ता आपली, अशा थाटात येरझारा घालतो. लोक आपल्या बाजूचे आहेत असं त्याला वाटत असतं. ते केव्हाच उलटले आहेत हे प्रेक्षकाला आधीच कळलेलं असतं. प्रेक्षकाला जास्त माहीत आणि पात्राला कमी, ही नाटकाची जुनी युक्ती. तिच्यामुळे डॉक्टर एकाच वेळी बरोबरही ठरतो आणि हास्यास्पदही. पाचव्या अंकात घराच्या काचा फुटलेल्या आहेत, आत आलेले दगड डॉक्टर गोळा करून ठेवतो आहे, मुलांना वारसा म्हणून. आणि तक्रार कसली, तर सभेतल्या धक्काबुक्कीत चांगली विजार फाटली याची. सत्यासाठी भांडायला जाताना नवे कपडे घालून जाऊ नये, असा धडा तो घेतो. हे नाटक विनोदी म्हणावं की गंभीर, हे स्वतः इब्सेन यांनाही नक्की ठरवता आलं नव्हतं. प्रकाशकाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी तसं कळवलंही होतं.

चौथ्या अंकातलं सभेतलं भाषण हा या नाटकाचा दुखरा भाग. पाण्याचा प्रश्न बाजूला पडतो आणि डॉक्टर बहुमतावरच घसरतो. बहुसंख्य नेहमी चुकीचेच असतात, माणसांतही कुत्र्यांसारख्या अस्सल आणि गावठी जाती असतात, असं तो बोलू लागतो. निवेदक असता तर त्यानं इथे दोन वाक्यं टाकून डॉक्टरला सावरलं असतं: बिचारा थकला होता, संतापला होता वगैरे. इब्सेन सावरत नाहीत. अमेरिकी नाटककार आर्थर मिलर यांनी १९५० साली या नाटकाचं रूपांतर केलं, तेव्हा त्यांना हा भाग जसाच्या तसा ठेवणं शक्य झालं नाही. नुकतंच महायुद्ध संपलं होतं, जातिवंत माणसांची भाषा कुठवर जाते ते जगानं पाहिलं होतं, आणि अमेरिकेत कम्युनिस्टांची शोधाशोध चालू होती. मिलर यांनी ते उतारे गाळले. त्यांचा डॉक्टर त्यामुळे स्वच्छ झाला, आणि थोडा सपाटही.

सत्यजित राय यांनी १९८९ मध्ये 'गणशत्रू' हा बंगाली चित्रपट केला तेव्हा त्यांनी स्नानगृहाच्या जागी देऊळ आणलं. चंडीपूर गावात काविळीची साथ आहे, आणि डॉक्टर अशोक गुप्तांच्या मते तिचं मूळ देवळाच्या चरणामृतात आहे. डॉक्टरची भूमिका सौमित्र चटर्जींची. हृदयविकारानंतर राय यांना बाहेरच्या चित्रीकरणाची मनाई होती, त्यामुळे जवळजवळ सगळा चित्रपट खोल्यांमध्येच घडतो. कॅमेरा चेहऱ्यांवरून फारसा हलत नाही. बाहेरचं गाव बरंचसं बोलण्यातूनच कळतं. सक्तीनं आलेली ही मर्यादा चित्रपटाला मानवली की नाही यावर मतभेद आहेत; पुष्कळांना तो रंगमंचावरून उतरलेलाच वाटला. सभेच्या प्रसंगात राय यांनी मूळचं भाषण ठेवलंच नाही. डॉक्टरला बोलायला मिळण्याआधीच भाऊ त्याला विचारतो, तू स्वतःला हिंदू म्हणवतोस का? डॉक्टर हो म्हणतो, पण काही आचार पाळत नाही असंही प्रामाणिकपणे सांगतो, आणि सभा तिथेच हातातून जाते. शेवटी इब्सेनचा डॉक्टर एकटा उभा असतो आणि एकटेपणालाच ताकद म्हणतो. राय यांच्या डॉक्टरला खिडकीबाहेरून तरुणांच्या घोषणा ऐकू येतात, त्याच्या नावाचा जयजयकार. पडद्यावर ती माणसं दिसत नाहीत, आवाज मात्र येतो. एकाकी बंडखोराच्या जागी पाठीशी लोक असलेला कार्यकर्ता आला, आणि त्यासाठी खिडकीबाहेरचा थोडा आवाज पुरला.

नाटकातून गद्यात आलं की सांगणारा हजर होतो. त्याचा सगळ्यात लाघवी प्रकार म्हणजे साक्षीदार निवेदक: जो स्वतः काही करत नाही, फक्त थोराला भेटतो आणि भेटीची हकिगत सांगतो. फ्रेंच लेखक झाँ जिओनो यांची १९५३ ची 'झाडं लावणारा माणूस' ही छोटी कथा या प्रकारचा नमुना आहे. एक तरुण १९१३ मध्ये फ्रान्सच्या प्रोव्हान्स भागातल्या उजाड डोंगरांवर पायी हिंडत असतो. पाणी संपतं. दूरवर एक काळी आकृती दिसते, झाडाचा बुंधा वाटावा अशी; तो एल्झेआर बुफिए नावाचा पंचावन्न वर्षांचा धनगर निघतो. रात्री जेवणानंतर तो म्हातारा एक थैली टेबलावर ओततो आणि ओकची बोंडं निवडायला बसतो. भेगाळलेली बाजूला, बारकी बाजूला, चांगल्यांचे दहा-दहाचे ढीग. शंभर झाली की झोपायला जातो. दुसऱ्या दिवशी लोखंडी कांबीनं भोक पाडून एकेक बोंड पुरत जातो. तीन वर्षांत त्यानं एक लाख बोंडं लावलेली असतात. वीस हजार उगवलेली, त्यांतली निम्मी जातील, दहा हजार राहतील असा त्याचा हिशेब. जमीन कुणाची आहे हे त्याला ठाऊक नसतं आणि त्यानं काही अडतही नाही. दोन महायुद्धं येतात आणि जातात, निवेदक मधूनमधून परत येतो, आणि दर वेळी जंगल वाढलेलं असतं.

ही कथा इतकी खरी वाटते ती साक्षीदारामुळे. म्हातारा जवळजवळ बोलतच नाही, म्हणून फुशारकीचा प्रश्न येत नाही. स्तुती करतो तो परका, ज्याचा यात काही स्वार्थ नाही. मधली वर्षं गाळलेली असल्यानं कष्टांचा कंटाळा वाचकाच्या वाट्याला येत नाही, फक्त फळ दिसतं. तारखा मात्र नेमक्या: १९१३ ची भेट, १९३५ ला पाहणीला आलेलं सरकारी शिष्टमंडळ, १९४५ ची शेवटची भेट, १९४७ ला बानोनच्या आश्रयगृहात मृत्यू. सगळं इतकं चोख की लेख मागवणारेही आधी फसले. एका अमेरिकी मासिकानं 'भेटलेली सर्वांत अविस्मरणीय व्यक्ती' या सदरासाठी जिओनो यांच्याकडून लेख मागवला होता. असा माणूस कुठे नोंदलेलाच नाही हे कळल्यावर मासिकानं तो परत केला. जिओनो यांनी हक्क न ठेवता कथा सगळ्यांना मोकळी केली, ती जगभर छापली गेली आणि वाचक बुफिएची झाडं शोधत राहिले. १९५७ मध्ये एका वन अधिकाऱ्याला लिहिलेल्या पत्रात जिओनो यांनी कबूल केलं की बुफिए काल्पनिक आहे, आणि लोकांना झाडांचा लळा लागावा एवढाच हेतू होता. कॅनडातले चित्रकार फ्रेडरिक बॅक यांनी १९८७ मध्ये या कथेवर केलेल्या चित्रपटाला ऑस्कर मिळालं.

साक्षीदाराच्या या साच्याचं बळ खऱ्या माणसांच्या बातम्यांत दिसतं. आसाममध्ये जोरहाटजवळ ब्रह्मपुत्रेच्या वाळूवर जादव पायेंग यांनी उभं केलेलं जंगल आज प्रसिद्ध आहे. सुमारे साडेपाचशे हेक्टरांचं, हत्ती आणि गेंडे येऊन जाणारं हे जंगल त्यांच्याच नावानं, मोलाई या टोपणनावानं ओळखलं जातं. २०१५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्यावरच्या लेखांत आणि लघुपटांत गोष्ट बहुतेक वेळा अशी येते: १९७९ च्या पुरानंतर वाळूत मेलेले साप पाहून एका पोरानं एकट्यानं झाडं लावायला घेतली आणि पुढे कितीतरी वर्षं जगाला पत्ता नव्हता, मग एक पत्रकार वाट चुकल्यासारखा तिथे पोचला. जिओनोंची कथा वाचलेल्याला हा नकाशा ओळखीचा वाटेल. या गोष्टीत एक तपशील मागे पडतो. १९८० च्या सुमारास सरकारच्या सामाजिक वनीकरण विभागानं त्या भागात लागवडीची योजना घेतली होती आणि पायेंग तिच्यावर मजूर होते. पाचेक वर्षांनी योजना संपली, बाकीचे मजूर निघून गेले, ते थांबले आणि लावत राहिले. खरं तर थांबण्याची ही गोष्ट जास्त विलक्षण आहे. पण 'योजनेवरचा मजूर' हे शब्द आले की माळरानावरच्या एकट्या आकृतीचं चित्र बिघडतं, म्हणून सांगणारे ते गाळतात. साक्षीदार-पद्धतीची ही खोडच आहे: तिला एकच माणूस लागतो, आणि तो शक्यतो मुका लागतो.

याच्या अगदी उलट टोकाला प्रथमपुरुषी निवेदन. पोलिश लेखिका ओल्गा तोकार्चुक (२०१८ च्या नोबेलच्या मानकरी) यांची २००९ ची 'मृतांच्या हाडांवरून नांगर चालव' ही कादंबरी यानिना दुशेइको नावाच्या वयस्कर बाई स्वतः सांगतात. नाव विल्यम ब्लेक या इंग्रज कवीकडून घेतलेलं. यानिनाबाई पूर्वी पूल बांधणाऱ्या इंजिनिअर होत्या. आता चेक सीमेजवळच्या एका दुर्गम पठारावर राहतात, गावच्या शाळेत थोडंफार इंग्रजी शिकवतात, कुंडल्या मांडतात. त्यांना स्वतःचं नाव आवडत नाही आणि इतरांची खरी नावंही त्यांना पटत नाहीत, म्हणून त्या माणसांना आपल्या मनानं टोपणनावं देतात. शिकारीविरुद्ध त्या पोलिसांना पत्रांमागून पत्रं लिहितात, उत्तर येत नाही. मग परिसरातले शिकारी एकेक करून मरू लागतात, आणि बाई सगळ्यांना पटवत राहतात की जनावरं सूड घेत आहेत.

सगळं बाईंच्या तोंडून येत असल्यामुळे वाचक त्यांच्या डोक्यात अडकतो, आणि तिथे त्या मुळीच वेड्या वाटत नाहीत. बाहेरून पाहणाऱ्या पोलिसाला दिसते ती एक कटकटी म्हातारी. वाचकाला दिसते ती एकमेव जागी असलेली व्यक्ती. माणसाच्या मरणाला खून म्हणायचं आणि हरणाच्या मरणाला नुसता मृत्यू, हा जगाचा हिशेब बाईंना मान्य नाही. 'प्राणी', 'रात्र', 'दुखणी' असे शब्द त्या मोठ्या अक्षरानं लिहितात, जणू ती विशेषनामं आहेत. (देवनागरीत मोठं अक्षर नसतं. मराठीत आणताना अनुवादकाला दुसरा काही उपाय शोधावा लागेल, आणि तो सोपा नाही.) शेवटी कळतं ते धक्का देणारं आहे: खून बाईंनीच केलेले आहेत. पहिल्याच रात्री मेलेल्या शेजाऱ्याच्या झोपडीत त्यांना एक फोटो सापडलेला असतो. शिकारी, पुढ्यात मारलेली जनावरं, आणि त्यांत बाईंच्या हरवलेल्या दोन कुत्र्या. हा फोटो त्या वाचकापासून जवळजवळ शेवटपर्यंत लपवतात. अशा सांगणाऱ्याला समीक्षेत अविश्वसनीय निवेदक म्हणतात. इथे या तंत्राचं काम नुसतं रहस्य राखण्याचं नाही. तीनशे पानं वाचक ज्या बाईंच्या बाजूनं मान डोलावत आला, त्याच बाईंनी त्याला फसवलेलं असतं, आणि तरीही शिकारीबद्दलचं त्यांचं म्हणणं खोटं पडत नाही. कार्यकर्ता बरोबर असणं आणि कार्यकर्ता चांगला असणं या दोन गोष्टी इतक्या स्वच्छ वेगळ्या करणारी कादंबरी दुसरी सापडणं अवघड. हीच कथा तृतीयपुरुषी, सर्वज्ञ निवेदकानं सांगितली असती तर ती एका माथेफिरू खुनी बाईची पोलिसकथा झाली असती. २०१७ मध्ये आग्निएश्का हॉलंड यांनी तिच्यावर 'पोकोट' हा चित्रपट केला. कॅमेरा बाईंच्या बाहेर उभा राहतो, त्यामुळे तो देखणा असूनही हा पेच कादंबरीइतका घट्ट आवळत नाही.

चित्रपटाला पात्राच्या डोक्यात शिरायचं असेल तर वेगळी वाट काढावी लागते. आइसलंडचे दिग्दर्शक बेनेडिक्ट अर्लिंगसन यांच्या 'वुमन अ‍ॅट वॉर' (२०१८) मधली हाल्ला गावात गायकवृंद चालवते आणि रानात जाऊन धनुष्यबाणानं अ‍ॅल्युमिनियम कारखान्याच्या वीजवाहिन्या तोडते. तिच्या घरात भिंतीवर गांधी आणि मंडेला आहेत; पाळत ठेवणारा ड्रोन पाडताना ती चेहऱ्यावर मंडेलांचाच मुखवटा चढवते. दिग्दर्शकानं पार्श्वसंगीत वाजवणाऱ्या तीन वादकांनाच पडद्यावर आणलं आहे. ती माळावर पळत असते आणि बाजूला गवतात ढोल, पियानो आणि भला मोठा पितळी भोंगा घेऊन हे तिघे उभे असतात. पुढे युक्रेनच्या पारंपरिक पोशाखातल्या तीन गायिकाही येतात, कारण हाल्लाला त्या देशातली एक अनाथ मुलगी दत्तक मिळणार असते. ही माणसं फक्त तिला दिसतात. मराठी प्रेक्षकाला यात परकं काही नाही. तमाशात आणि दशावतारात वादक समोरच असतात. पण इथे त्यांचं काम वेगळं आहे. बातम्यांत हाल्लाला दहशतवादी म्हटलं जात असतं, आणि हे वादक प्रेक्षकाला तिच्या मनातला ठेका ऐकवत असतात. एक निरपराध परदेशी सायकलस्वार पुन्हापुन्हा तिच्याऐवजी पकडला जातो. त्या विनोदात कृत्याची किंमत कोण मोजतं याचा टोचणारा हिशेबही आहे.

कल्पित गोष्टीला एवढ्या युक्त्या शोभतात. खऱ्या लढ्याच्या लेखनात त्या वापरल्या तर काय होतं? अमेरिकी शास्त्रज्ञ रॅचेल कार्सन यांनी १९६२ च्या 'सायलेंट स्प्रिंग' या पुस्तकाची सुरुवात एका बोधकथेनं केली. पक्षी गप्प झालेलं, झाडं फळली नाहीत असं एक गाव. शेवटी सांगितलं की असं एकच गाव कुठे नाही, पण यातली प्रत्येक आपत्ती कुठे ना कुठे घडून गेली आहे. कीटकनाशकांच्या कंपन्यांनी नेमकं हेच पकडलं. पुढची पानंच्या पानं पुरावा आणि मागे पन्नासहून अधिक पानांची संदर्भसूची असताना टीकाकार म्हणत राहिले की बाई परीकथा लिहितात. ३ एप्रिल १९६३ ला सीबीएस वाहिनीवर या वादावर कार्यक्रम झाला. काही प्रायोजकांनी ऐनवेळी अंग काढून घेतलं होतं. उद्योगाची बाजू मांडायला प्रयोगशाळेत, पांढऱ्या कोटातले, ठासून बोलणारे डॉ. रॉबर्ट व्हाइट-स्टीव्हन्स होते. कार्सन आपल्या घरात बसून, आवाज न चढवता बोलत होत्या. त्या कर्करोगानं आजारी होत्या आणि वर्षभरानं गेल्या, हे प्रेक्षकांना माहीत नव्हतं. पांढऱ्या कोटानं विज्ञानाची बाजू दिसावी आणि घरातल्या बाईनं भावनेची, असा तो देखावा. घडलं उलट. जिला भडक म्हटलं गेलं तीच मोजूनमापून बोलत होती, आणि आक्रस्ताळे वाटले ते कोटवाले. बोधकथेनं जे गमावलं होतं ते कॅमेऱ्यानं परत मिळवून दिलं.

भारतातल्या लढ्यांची गोष्ट सांगताना तंत्राचा प्रश्न वेगळ्या जागी अडतो: लढणारे शेकडो असतात, आणि गोष्टीला नायक एक लागतो. चिपको आंदोलन घ्या. १९७३ मध्ये गढवालच्या गावकऱ्यांना शेतीच्या अवजारांसाठी अंगूची झाडं नाकारली गेली, आणि तीच झाडं मैदानी प्रदेशातल्या एका क्रीडासाहित्याच्या कंपनीला दिली गेली. भांडण तिथून पेटलं. पुढे २६ मार्च १९७४ ला रेणी गावात पुरुष मोबदल्याच्या कामासाठी चमोलीला गेलेले असताना झाडं तोडणारे आले, आणि गौरा देवी सत्तावीस बायका-मुलींना घेऊन रानात जाऊन उभ्या राहिल्या. ही घटना सांगणारे किती वेगळे आहेत पाहा. वंदना शिवा यांनी १९८८ च्या 'स्टेइंग अलाइव्ह'मध्ये ती निसर्ग आणि स्त्री यांच्या नात्याची गोष्ट म्हणून सांगितली. रामचंद्र गुहा यांनी वर्षभरानं 'द अनक्वाएट वूड्स'मध्ये तिला गढवालच्या शेतकऱ्यांच्या जुन्या जंगलहक्काच्या बंडांच्या रांगेत बसवलं. जगाला दिसणारा पर्यावरणाचा चेहरा आणि गावातला हक्काच्या भांडणाचा चेहरा वेगळे आहेत, असं त्यांचं म्हणणं. वर्तमानपत्रांनी मिठी मारलेल्या झाडाचा फोटो छापला. शिवांच्या गोष्टीत अंगूच्या अवजाराचं महत्त्व कमी होतं, गुहांच्या गोष्टीत गौरा देवी एका लांब इतिहासाचा एक मुक्काम होतात, आणि फोटोत दोन्ही उरत नाहीत.

महाराष्ट्रात हे सगळं आधी होऊन गेलं होतं. मुळशीला टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ असा सत्याग्रह झाला. लोकांच्या आठवणीत तो पांडुरंग महादेव बापट यांचा लढा आहे, आणि 'सेनापती' ही पदवी त्यांना तिथेच चिकटली. पदवी हेही एक निवेदनच असतं: सेनापती म्हटलं की बाकीचे मावळे आपोआप बिननावाचं सैन्य होतात. अभ्यासक राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहाचा इतिहास लिहिताना कॅमेरा मागे घेतला, तेव्हा चित्रात पुण्याचे सावकार-जमीनमालकही आले, जे मोबदल्यावर तडजोडीला तयार होते, आणि ज्यांच्या हाती काहीच लागणार नव्हतं अशी कुळंही आली. बापटांचा त्याग त्यामुळे कमी होत नाही. लढा का फसला ते मात्र समजतं. विश्वास पाटील यांच्या 'झाडाझडती'नं (१९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार) पुढे धरणग्रस्तांची परवड कादंबरीच्या मोठ्या पटावर मांडली. तिथे लक्ष आहे ते एका पुढाऱ्यापेक्षा उठलेल्या गावावर.

नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाविरुद्धच्या लढ्याच्या लेखनात 'मी' किती मोठा असावा यावर जाहीर वाद झाला. अरुंधती रॉय यांनी १९९९ मध्ये 'द ग्रेटर कॉमन गुड' हा दीर्घ निबंध लिहिला, तो उघडपणे लेखिकेच्या स्वरात, संताप आणि उपरोधासकट. त्यानं नर्मदेचा प्रश्न देशाबाहेर पोचवला. गुहांसारख्या टीकाकारांनी मात्र त्यातल्या अतिशयोक्तीवर आणि लेखिकेच्या स्वतःतच रमण्यावर कडक शब्दांत बोट ठेवलं. टीका पूर्ण गैर नव्हती, पण आकडेवारीच्या अहवालांनी जे इतक्या वर्षांत साधलं नव्हतं ते या 'मी'नं साधलं, हेही नाकारता येत नाही.

याच नदीवर आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांनी १९९५ मध्ये 'अ नर्मदा डायरी' हा माहितीपट केला, आणि त्यासाठी रोजनिशीचा घाट निवडला. रोजनिशी लिहिणाऱ्याला उद्या काय होणार ते माहीत नसतं. आंदोलनाच्या नेत्या मेधा पाटकर त्यात आहेत, पण बैठकीतल्या एक म्हणून, चालताना, ऐकताना, थकलेल्या. त्यांच्याइतकीच जागा मणिबेलीसारख्या गावांतल्या आदिवासी बायाबापड्यांच्या बोलण्याला आहे. कोणता मोर्चा निर्णायक ठरेल हे सांगणाऱ्यालाच माहीत नसल्यामुळे एका प्रसंगाला कळस आणि एका माणसाला नायक करता येत नाही. आंदोलनाचं खरं रूप दाखवायला, आजवरच्या घाटांत, हाच सर्वांत प्रामाणिक आहे. चित्रण १९९० नंतरच्या काही वर्षांचं. १९९३ च्या मार्चमध्ये जागतिक बँकेचं कर्ज थांबलं, आणि त्याच पावसाळ्यात तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या मणिबेलीत पाणी शिरलं. शेवट मात्र डायरीनंतरचा. सरदार सरोवर धरण १३८.६८ मीटर उंचीपर्यंत पुरं झालं आणि १७ सप्टेंबर २०१७ रोजी त्याचं लोकार्पण झालं.